पाचवा यायचाय

मुलं सांभाळणं सोपं असतं. हे वाचून ज्यांच्या भुवया वर गेल्या असतील त्यांनी त्या थोडा वेळ तशाच ठेवाव्यात, कारण पुढचं विधान जास्त धाडसाचं आहे. मुलं सोपी असतात, त्यांचे आईबाप कठीण असतात, आणि त्यातही सगळ्यात कठीण म्हणजे ज्यांनी अजून मूल आणलेलंच नाही, जे नुसते 'चौकशीला' आलेत, ते आईबाप.

मावशींना हे ज्ञान पाळणाघराच्या दुसऱ्या वर्षी झालं. मावशी म्हणजे तळमजल्यावरच्या पाळणाघराच्या मावशी. वय काही फार नाही, चाळिशीच्या जरा पुढे. पण पाळणाघरातली मुलं त्यांना मावशी म्हणत, म्हणून मुलांच्या आया म्हणत, म्हणून दूधवाला म्हणे, आणि त्यांच्या वडिलांच्या वयाचे, वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्कसुद्धा "काय मावशी, काय म्हणताय?" असंच विचारत. नवरा अजून चुकला नव्हता, पण एकदोनदा 'मा'वर अडखळला होता. मावशींनी ते मनात ठेवलं होतं.

पाळणाघर म्हणजे घराचीच पुढची मोठी खोली. भिंतीला कमरेपर्यंत पुसता येईल असा रंग, कोपऱ्यात गाद्यांची चवड, खिडकीत कुणाचे ना कुणाचे वाळत घातलेले मोजे. सरकारी परवानगी पाच मुलांची, आणि पाच होतीही. मग त्यातला मोठा शाळेत जायला लागला आणि चार उरली. चार मुलांत दूध, साबण आणि खोलीचं भाडं यांची तोंडमिळवणी होत नाही. महिनाअखेरपर्यंत पाचवं मूल मिळालं तर ठीक, नाहीतर गाशा गुंडाळायचा असं नवराबायकोचं ठरलं होतं. गाशा गुंडाळून कुठे जायचं तेही ठरलेलं होतं, आणि खरं दुखणं तेच होतं.

नणंदेचं कापडाचं दुकान होतं. नणंद स्वभावाने वाईट नव्हती, फक्त मदत फार मोठ्या आवाजात करायची. "वहिनी, आमच्याकडे या की सरळ," ती चार माणसांत म्हणाली होती. "गल्ल्यावर बसायचं नुसतं. डोक्यावर पंखा आहे." मावशींना नणंदेचा राग नव्हता, पंख्याचा होता. जणू इतकी वर्षं त्या पंख्यावाचून तळमळत होत्या! शिवाय त्या दुकानात येणारी माणसं त्यांनी पाहिली होती. कापडाची सगळी ठाणं खाली काढायला लावायची, प्रत्येकावर हात फिरवायचा आणि "बघून येतो" म्हणून जायचं. म्हणजे चौकशीवाल्यांना कंटाळून दुकानात जायचं आणि तिथे पुन्हा चौकशीवाले. मग निदान पोरांची संगत काय वाईट?

चौकशीवाल्यांचे प्रकार किती सांगावेत? एक बाई फोनवर म्हणाली, "तुम्ही मुलांना दुपारी झोपवता का?"

"हो, झोपवते ना."

"आमचा झोपत नाही हो."

"बरं, मग नाही झोपवणार."

"मग तो करेल काय सगळी दुपार?" असं म्हणून तिने दुखावलेल्या आवाजात फोन ठेवला. आणखी एकजण रोज संध्याकाळी दाराशी उभा राहून प्रश्न विचारी आणि उत्तर ऐकून "अच्छा, म्हणजे असं आहे तर" असं म्हणे. त्याच्या 'तर'च्या पुढे कधी काही येत नसे. ओठांनी शिट्टी वाजवत फिरे म्हणून मावशी त्याला मनात शिट्टीवाला म्हणत. एका तरुणाचं तर लग्नच व्हायचं होतं. मुलगी बघायला जाताना सगळी तयारी असलेली बरी, असं त्याचं म्हणणं. मावशींनी त्यालाही खोली दाखवली. न जाणो!

पण या सगळ्यांवर ताण म्हणजे विचारी जोडपं. दोघंही चांगली शिकलेली, सभ्य, पायातलं बाहेर काढून येणारी. पहिल्या खेपेला त्याने टेप काढून खिडकीची उंची मोजली आणि तिने एकेक खेळणं उचलून हुंगलं. जाताना म्हणाली, "आमचं जवळजवळ नक्कीच आहे. जागा तेवढी धरून ठेवा. विचार करून सांगतो." दुसऱ्या खेपेला तिने आपल्या आईला आणलं. तिची आई आली म्हणून तिसऱ्या खेपेला त्याने आपल्या आईला आणलं. दोन्ही विहिणींचं एकमेकींशी पटत नव्हतं, पण मावशींच्या मोरीला उतार कमी आहे यावर मात्र एकमत झालं. मुलीला त्यांनी एकदाही आणलं नव्हतं. निर्णय होण्याआधी तिला या जागेची सवय लागू नये, असा त्यात विचार होता. आणि या 'जवळजवळ'पायी मावशींनी दोन खरी गिऱ्हाइकं परत पाठवली होती. त्यातला एक बसकंडक्टर होता. "जागा धरलीय" म्हटल्यावर त्याने एक शब्दही उलट विचारला नाही, मान हलवली आणि पोरगी कडेवर घेऊन निघून गेला. त्या रात्री मावशींना जेवण गेलं नाही.

अशा वेळी शेजारी सल्ला देणार नाहीत तर कोण देणार? हेडक्लार्क जिना उतरून आले. बरोबर बोटाला धरलेला नातू, वय तीनच्या आसपास. त्याचं खरं नाव कुणाला आठवत नसे. अख्खा जिना त्याला भोंगा म्हणे, कारण तो रडायला लागला की चौथ्या मजल्यावरचे लोक घड्याळ बघत. सून आणि मुलगा दोघंही नोकरीवर, त्यामुळे भोंगा दिवसभर आजोबांकडे. "घरात माणूस असताना पाळणाघर कशाला?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, आणि ते पाळणाघराच्या दारात उभं राहून म्हणायला त्यांना काही वाटत नसे.

"तुमचं चुकतंय कुठे सांगू का मावशी?" हेडक्लार्क म्हणाले. "तुम्ही जागा आहे म्हणून सांगता. अहो, माणसाला रिकाम्या खुर्चीत बसायचं नसतं, दुसरा उठला की त्याच्या खुर्चीत बसायचं असतं. अख्खी नोकरी हेच बघितलं मी. बाहेर बोर्ड लावा, 'जागा शिल्लक नाही'. मग बघा."

"खोटं लिहू?"

"खोटं कसलं? धोरण आहे ते."

समोरच्या टेलरबाईंनी मशीन थांबवून दुजोरा दिला. "माझ्या हातात काम नसलं ना, की मी पहिलं सांगते, महिनाभर वेळ नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी गठ्ठे येतात." मावशींच्या नवऱ्याचं अक्षर सुरेख. आयुष्यात त्याचा कुठेच उपयोग झाला नव्हता, त्यामुळे त्याने तीन तास खपून बोर्ड रंगवला आणि चौथा तास तो लांबून बघण्यात घालवला.

बोर्ड लागला आणि खरोखरच रीघ लागली. आजवर जागा असताना जे येत नव्हते, ते आता जागा नाही म्हणून यायला एका पायावर तयार होते. पण इथेच घोडं पेंड खायला लागलं. मावशी हळूच म्हणायच्या, "तुमच्यासाठी म्हणून बघते हं एखादी." की समोरचा दोन पावलं मागे. "नको नको, घाई नाही आमची. जागा झाली की कळवा." एकीला मावशींनी दुसऱ्याच दिवशी कळवलं, की झाली बाई जागा. तर ती म्हणाली, "का हो? कोण सोडून गेलं? असं अचानक का गेलं? काही झालं का तिथे?" सगळा दिवस मावशींच्या कपाळावरची आठी गेली नाही. मुलंसुद्धा त्या दिवशी गुपचूप झोपली.

आणि शिट्टीवाला संतापला. एवढे दिवस तो चौकशी करत होता, आणि त्याला न विचारता जागा भरली? त्याचा 'तर' शेवटी पूर्ण झाला तो तपासणी कचेरीत. पाळणाघर भरलं म्हणतात, पण आत मुलं चारच दिसतात, तर हा काय प्रकार आहे, अशी त्याने तक्रार केली.

तपासनीस मॅडम आल्या त्याच वेळी विचारी जोडपंही चौथ्या खेपेला आलेलं होतं. तो स्विचबोर्डाचं झाकण हलवून बघत होता, ती चटईचा वास घेत होती. मॅडम उंच, शांत, खांद्याला जड पिशवी. त्यांनी बाहेरचा बोर्ड वाचला, आत येऊन मुलं मोजली आणि मोजलेलं लिहून घेतलं.

"मुलं किती?"

"चार," मावशी म्हणाल्या.

"परवानगी?"

"पाचांची."

"बाहेर काय लिहिलंय?"

"जागा शिल्लक नाही."

मॅडमनी पेन थांबवलं आणि चष्म्यावरून पाहिलं. "मग पाचवं मूल कुठंय?"

प्रश्न साधा होता, पण ऐकणाऱ्यांना तसा वाटला नाही. मूल हरवलं की काय, अशा नजरेने टेपवाला खिडकीबाहेर बघायला लागला. मावशींना मात्र देवाने हात दिल्यासारखं वाटलं. त्यांनी अगदी हसून जोडप्याकडे बोट दाखवलं. "यांची आहे ना मुलगी. यांच्यासाठीच तर धरलीय जागा."

"आमची?" दोघांनी एकदमच कानांवर हात ठेवले. "नाही नाही मॅडम, आमचं काहीच नक्की नाही! आम्ही फक्त चौकशी करतोय."

आजवर कुणी मावशींना असं चारचौघांत तोंडघशी पाडलं नव्हतं. जागा धरली, दोन विहिणींना चहा पाजला, मोरीचा उतार ऐकून घेतला, कंडक्टरला परत पाठवलं, आणि हे कानांवर हात! राग मस्तकात गेला की माणूस खरं तरी बोलतो नाहीतर अगदीच खोटं. मावशींनी मान ताठ केली आणि म्हणाल्या, "पाचवा यायचाय."

"कधी?"

"उशिरा येतो तो. त्याच्या झोपेवर असतं."

"बरं," मॅडमनी लिहून घेतलं. "मग बसते मी." आणि मुलांच्या चिमुकल्या खुर्चीवर गुडघे छातीशी घेऊन खरंच बसल्या.

तिकडे जोडप्यात कुजबुज सुरू झाली. "पाचवा आला? मग आपली जागा?" "अहो, आपण विचार करत होतो ना तिचा!" जागा हातची जातेय म्हटल्यावर ती त्यांना पहिल्यांदाच आपली वाटायला लागली होती.

स्वयंपाकघराच्या दारात नवरा उभा होता. मावशींनी त्याला डोळ्याने खुणावलं. तो डोळ्यात काही गेलं का ते बघायला पुढे आला. दुसऱ्या खुणेला त्याने पाणी आणून दिलं. तिसऱ्या खुणेबरोबर मावशींनी त्याच्या पायावर पाय दिला, तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तो मागच्या दाराने पळाला. हेडक्लार्कांकडे जाताना त्याला जिन्यात टेलरबाई भेटल्या. "काय झालं हो?" "एक मूल हवंय, आत्ताच्या आत्ता," एवढंच तो धापा टाकत म्हणाला आणि वर गेला. टेलरबाई मदतीला कधी मागे हटणाऱ्या नव्हेत.

थोड्याच वेळात हेडक्लार्क भोंग्याला घेऊन दारात हजर झाले. "उशीर झाला मावशी. नेहमीप्रमाणे," ते म्हणाले, आणि कुणी न विचारता पुढे म्हणाले, "रोज येतो बरं का मॅडम. अगदी रोज."

मॅडम वाकल्या. "काय रे बाळ, या कोण?"

"खालच्या," भोंगा म्हणाला.

"रोज येतोस ना त्यांच्याकडे?"

भोंग्याने आजोबांकडे पाहिलं. "आजोबा म्हणतात, खाली गेलास तर तंगडी मोडीन."

हेडक्लार्कांना जोराचा खोकला आला. तो ओसरायच्या आत टेलरबाई भाचीच्या मुलीला काखोटीला मारून आत शिरल्या आणि तिला गादीवर ठेवत म्हणाल्या, "घ्या मावशी, ही तुमची पाचवी! आज जरा वेणी घालायला उशीर झाला."

मॅडमनी पुन्हा मोजलं. बोटाने, एकेकाच्या डोक्यावर बोट नेत. "सहा," त्या म्हणाल्या. "परवानगी पाचांची आहे."

करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं म्हणतात, पण त्या म्हणीत भलतं म्हणजे किती ते दिलेलं नाही. मघाशी एक मूल कमी होतं, आता एक जास्त झालं होतं. विचारी बाईंनी पर्स खांद्याला लावली. "सहा? आम्हाला वाटलं होतं इथे प्रत्येकाकडे लक्ष देतात." तो म्हणाला, "विचार करून सांगतो." दोघं चपला घालून गेली. त्यांना कुणी थांबवलं नाही.

मावशी मटकन उरलेल्या चिमुकल्या खुर्चीवर बसल्या. आता दोघी बायका गुडघे छातीशी घेऊन समोरासमोर. "मॅडम, खरं सांगू? पाचवं मूल नाहीच आहे. कधीपासून नाहीये. येतात, बघतात, मोजतात, वास घेतात आणि जातात. मला नणंदेच्या दुकानात पंख्याखाली नाही बसायचं हो. मला हेच येतं, मला हेच आवडतं. म्हणून लावला तो बोर्ड." बोलता बोलता त्यांनी नाकाला पदर लावला आणि एका पोराने येऊन आपला ओला रुमाल त्यांना दिला.

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "बाई, लपवलेली मुलं मी नोकरीत पुष्कळ पकडली. नसलेलं मूल दाखवणाऱ्या तुम्ही पहिल्याच." त्यांनी लिहिलेला कागद वर धरला. "अडचण एकच आहे. मी इथे 'पाचवा यायचाय' असं लिहून बसलेय, आणि आमच्याकडे खाडाखोड चालत नाही. उद्या जाता जाता पुन्हा डोकावते. पाचवा दिसला तर फक्त बोर्ड काढा. नाही दिसला, तर खोटी माहिती दिली म्हणून परवानगी काढून घ्यावी लागेल. माझा इलाज नाही." त्या उठल्या. खुर्ची त्यांच्याबरोबर थोडी वर आली, ती नवऱ्याने सोडवून घेतली.

टेलरबाई भाचीच्या मुलीला घेऊन गेल्या. हेडक्लार्क म्हणाले, "सल्ला बरोबर होता, अंमलबजावणी चुकली," आणि भोंग्याला हाक मारली. भोंगा आला नाही. तो इतर चौघांनी पालथ्या घातलेल्या डब्यांच्या रांगेत शेवटच्या डब्यावर बसला होता. त्याला गाडीचा गार्ड केलं होतं, आणि गार्डाला गाडी सोडून जाता येत नाही. "बरं, पाच मिनिटांनी नेतो," म्हणून हेडक्लार्क वर गेले ते बातम्या बघत आरामखुर्चीतच घोरायला लागले. नातू सांभाळून ते रोज दमत.

खाली भोंग्याने एक केळं स्वतःच्या हाताने सोलून खाल्लं. मावशींचं त्याच्याकडे लक्षही नव्हतं. त्या कपाळाला हात लावून कंडक्टरचा पत्ता कुणाला माहीत असेल याचा विचार करत होत्या. नवरा निमूटपणे बोर्ड उतरवत होता. भोंगा दोन पोरांच्या मधल्या फटीत शिरला आणि एकाच्या पाठीला पाठ लावून झोपून गेला.

संध्याकाळी दवाखान्यातली ड्यूटी संपवून हेडक्लार्कांची सून आली. वर मुलगा दिसला नाही म्हणून घाबरून खाली धावली, आणि मागोमाग जागे झालेले हेडक्लार्क. ती दारातच थांबली. भोंगा तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता. घरी दिवसभर बातम्या मोठ्याने चालू असत, त्यामुळे तो दुपारी कधी झोपत नसे आणि रात्री तिला झोपू देत नसे. तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि बघत राहिली.

"मावशी," ती हळू आवाजात म्हणाली, "सकाळी किती वाजता आणू याला?"

"आठला," मावशी म्हणाल्या आणि पुढच्या प्रश्नांची वाट बघू लागल्या. खिडकीची उंची, मोरीचा उतार, दुपारची झोप. प्रश्न आलेच नाहीत. सुनेने मुलाला उचललं आणि ती जिना चढायला लागली. ज्याला शोधायला अख्खं गाव पालथं घातलं तो डोक्यावरच्या मजल्यावर थयथयाट करत होता, हे उमगायला मावशींना जरा वेळ लागला, आणि मग त्यांनी आनंदाने नवऱ्याच्या पाठीत असा धपाटा घातला की तो बोर्डासकट वाकला.

हेडक्लार्क मात्र तिथेच उभे होते. "अगं, पण मला कुणी विचारलं का?" ते जिन्याकडे बघून म्हणाले.

वरून सुनेचा आवाज आला. "गेल्या वर्षीच विचारलं बाबा. तुम्ही विचार करून सांगतो म्हणालात."

दुसऱ्या दिवशी आठला भोंगा आला. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला इस्त्रीचा शर्ट घातलेले आजोबा, त्यांच्या हातात पाण्याची बाटली. दार उघडताच भोंग्याने दोन्ही हात सोडवले आणि तो आपल्या डब्यावर जाऊन बसला. त्याने मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. आजोबांनी बाटली पुढे केली, पण ती घ्यायला कुणी नव्हतं. त्यांचा खालचा ओठ थरथरला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि मग भर दारात, वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात हेडक्लार्क रडायला लागले.

सून कावरीबावरी झाली. तिची ड्यूटीची वेळ होत आली होती. "मावशी, मी काय करू? थांबू का थोडा वेळ?"

"अजिबात थांबू नकोस," मावशींनी हेडक्लार्कांचा हात हातात घेतला आणि त्यांना आत वळवलं. "तू जा, आणि मागे वळून बघू नकोस. पहिल्या दिवशी असंच असतं. आई दिसेनाशी झाली की पाच मिनिटांत गप्प होतात."